वाफ घालवणारं डिझेल लाडकं कसं झालं?

११ ऑगस्ट १९६८ ला ब्रिटिश रेल्वेनं मुख्य मार्गावरची वाफेच्या इंजिनांची आपली शेवटची गाडी सोडली. लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला आणि परत. पुलांवर, शेतांच्या बांधांवर, फलाटांवर माणसांची रीघ लागली होती. त्यांच्या लेखी डिझेल म्हणजे हा सगळा मांडलेला संसार उठवणारं यंत्र होतं.

२ जानेवारी १९८२ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात पुन्हा तशीच गर्दी उसळली. या खेपेला निरोप द्यायचा होता तो डेल्टिक इंजिनांना, म्हणजे डिझेललाच. याच डेल्टिकांनी वीस वर्षांपूर्वी याच स्थानकातून निघणाऱ्या मार्गावरच्या वाफेच्या इंजिनांचं काम काढून घेतलं होतं.

या दोन गर्दींमध्ये अंतर जेमतेम साडेतेरा वर्षांचं. यंत्र किती जुनं आहे, यावर रेल्वेप्रेमींचा जीव ठरत नाही, हे एवढ्यावरूनही दिसतं. दहा-बारा वर्षांचं पोर असताना फलाटाच्या टोकाला उभं राहून जे इंजिन पाहिलं, ते आपलं इंजिन. एरवी ते रोजचंच असतं. ते जाणार अशी बातमी आली की जीव कासावीस होतो आणि माणसं कामाला लागतात.

हा छंद तसा जुना. ‘रेल्वे मॅगझिन’ हे ब्रिटिश मासिक १८९७ मध्ये सुरू झालं. दोन वर्षांनी लंडनमध्ये रेल्वे क्लब निघाला आणि १९०९ मध्ये स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटी. ही प्रौढांची, बरीचशी शिकल्यासवरलेल्या लोकांची मंडळी होती. गाडीत बसून घड्याळ लावायचं, मैलांचे दगड मोजायचे, चढावर वेग किती पडला ते टिपायचं. लहान मुलांचा त्यात फारसा वावर नव्हता.

मुलं आली ती १९४२ पासून, आणि ती एका तरुणामुळे. इयन ॲलन हा वीस वर्षांचा मुलगा सदर्न रेल्वेच्या प्रसिद्धी विभागात कामाला होता. इंजिनांचे क्रमांक, नावं, वर्ग (म्हणजे एकाच बनावटीच्या इंजिनांचा गट) विचारणारी पत्रं सतत यायची आणि उत्तरं लिहायचं काम त्याच्याकडे. सगळ्या इंजिनांची यादी एकदाची छापून टाकू, असं त्यानं सुचवलं. वरिष्ठांनी नकार दिला, तेव्हा त्यानं ती स्वतःच छापली. पुस्तिका हातोहात खपली आणि मग इतर रेल्वे कंपन्यांच्या याद्याही आल्या.

त्या पुस्तिकेचा वापर कसा व्हायचा ते बघण्यासारखं आहे. फलाटावर उभं राहायचं. इंजिन समोरून धडधडत गेलं की क्रमांक वहीत उतरवायचा. घरी आल्यावर पुस्तिकेत तो क्रमांक शोधायचा, पट्टी धरायची आणि त्याच्याखाली सरळ रेघ ओढायची. एका वर्गातल्या एक सोडून सगळ्या इंजिनांखाली रेघ आली, की त्या उरलेल्या एकासाठी मुलगा दूरच्या शेडपर्यंत जायला तयार. या नादात काही पोरं रुळांवरही उतरू लागली, तक्रारी झाल्या. तेव्हा ॲलननं मुलांचा क्लब काढला आणि रेल्वेच्या हद्दीत घुसणार नाही असं वचन सभासदांकडून घेतलं.

मला या रेघांचं मोल फार वाटतं. त्यांनी एका अख्ख्या पिढीला प्रत्येक इंजिन स्वतंत्रपणे ओळखायला शिकवलं: कुठलं कुठल्या शेडचं, कुणाचा बॉयलर कधी बदलला, कोण कुठे रद्द होऊन पडलंय. पुढे इंजिनं वाचवायची वेळ आली तेव्हा हीच माहिती कामी आली.

अमेरिकेत हा ओढा छायाचित्रांकडे जास्त वळला. तिथलं ‘ट्रेन्स’ मासिक १९४० मध्ये सुरू झालं. नॉरफोक अँड वेस्टर्न ही तिथली मोठी कंपनी वाफेला सर्वांत उशिरापर्यंत धरून राहिली होती. १९५५ ते १९६० या काळात ओ. विन्स्टन लिंक हा छायाचित्रकार तिच्या मार्गावर रात्रीच्या रात्री घालवत होता. रुळांच्या कडेनं लांबच लांब वायरी टाकायच्या, डझनावारी फ्लॅश बल्ब जोडायचे आणि गाडी नेमक्या जागी येताच सगळे एका क्षणात पेटवायचे. चुकलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यानं इंजिनांचे आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवले. १९६० मध्ये त्या मार्गावरची वाफ संपली.

रेल्वे कंपन्यांचं डिझेलकडे जाणं चूक होतं असं म्हणता येणार नाही. वाफेचं इंजिन सकाळी जुंपायचं तर रात्रीपासून भट्टी पेटवावी लागते. थंड बॉयलर हळूहळूच तापवायचा, घाई केली तर पत्रे आणि सांधे ताण खातात. पुढे वाटेत पाणी, कोळसा. परत आल्यावर राख काढा, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवा. १९३९ मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनीनं एफटी १०३ हे चार भागांचं, ५,४०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन प्रात्यक्षिकासाठी बाहेर काढलं. वर्षभराच्या आत ते वीस रेल्वे कंपन्यांच्या मार्गांवर मिळून ८३ हजार मैलांहून अधिक धावलं. त्यानंतर वाद उरला नाही.

ब्रिटननं मात्र घाई केली. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेनंतर वाफ हटवायचं ठरलं, पण नवी वाफेची इंजिनं बनतच राहिली. ‘ईव्हनिंग स्टार’ हे ब्रिटिश रेल्वेसाठी बनलेलं शेवटचं वाफेचं इंजिन मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलं आणि १९६५ मध्ये रद्दही झालं. योगायोग असा की चित्तरंजनच्या कारखान्यानं १९७० मध्ये ब्रॉडगेजसाठी शेवटचं वाफेचं इंजिन बनवलं, त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. निरोप घेताना दोन्हीकडे ताराच आठवला.

तोवर इंजिनं वाचवायची म्हणजे संग्रहालयात नेऊन उभी करायची, अशीच पद्धत होती. आपणच रेल्वे चालवू, ही कल्पना रुजली वेल्समध्ये. टॅलिलिन ही सव्वादोन फुटी गेजची, स्लेटच्या खाणीसाठी बांधलेली चिमुकली रेल्वे १९५० मध्ये मालकाच्या निधनानंतर बंद पडायच्या बेतात होती. लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकारानं ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा झाली आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी गाडी सुरूसुद्धा केली. त्या वेळी चालण्याजोगं इंजिन एकच होतं, डॉलगॉक. शेजारची कॉरिस रेल्वे बंद पडली होती. तिचा गेजही तोच असल्यानं तिची दोन इंजिनं मिळाली आणि रेल्वे तगली. जगभरच्या हेरिटेज रेल्वेंची ही थोरली बहीण.

मोठ्या इंजिनांना मात्र नशिबानंच हात दिला. साउथ वेल्समधल्या बॅरी इथं डाय वुडहॅम यांचं भंगाराचं आवार होतं. त्यांच्याकडे वाफेची २९७ इंजिनं तोडायला आली. त्याच वेळी मालडबेही ढिगानं येत होते. डबे तोडायला सोपे, म्हणून ते आधी घेतले आणि काम मंदावेल तेव्हा इंजिनं बघू असं ठरवलं. ती वेळ लवकर आलीच नाही. इंजिनं वर्षानुवर्षं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. सप्टेंबर १९६८ मध्ये पहिलं इंजिन रेल्वेप्रेमींनी विकत घेऊन बाहेर काढलं. १९९० पर्यंत हे चालू राहिलं आणि २९७ पैकी २१३ इंजिनं वाचली. पितळेचे, तांब्याचे भाग गेलेले, पत्र्यांना भोकं पडलेली. ती पुन्हा उभी करायला लोकांनी आयुष्यातले शनिवार-रविवार वेचले. एका इंजिनाला वीस-वीस वर्षं लागली, कधी त्याहूनही जास्त.

तुटून गेलेल्या वर्गांची हळहळ काहींना स्वस्थ बसू देईना. पेपरकॉर्न ए१ या ब्रिटिश वर्गाची वाफेची ४९ इंजिनं होती, त्यातलं एकही उरलं नव्हतं. १९९० मध्ये काही जणांनी पन्नासावं बनवायचं ठरवलं. २००८ मध्ये ‘टॉर्नेडो’ वाफेवर चालू लागलं. बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगनहून आणावा लागला, कारण एवढा मोठा बॉयलर बनवणारा कारखाना ब्रिटनमध्ये उरला नव्हता.

आता डिझेलकडे येतो. ब्रिटिश रेल्वेच्या वेस्टर्न रीजन या विभागानं जर्मन धाटणीची हायड्रॉलिक, म्हणजे यंत्राची ताकद द्रवामार्फत चाकांपर्यंत नेणारी डिझेलं घेतली होती. त्यातला ‘वेस्टर्न’ वर्ग ७४ इंजिनांचा. तो फेब्रुवारी १९७७ मध्ये संपला तेव्हा निरोपाला आलेल्यांत ऐन तारुण्यातली मुलं मोठ्या संख्येनं होती. वाफ गेली तेव्हा ती शाळेत होती. क्रमांकाखाली रेघ ओढायची जुनी सवय त्यांनी डिझेलला लावली, आणि पाहण्यावर समाधान न मानता त्या इंजिनाच्या गाडीनं प्रवास करायचा नेम धरला. खिडकीत बसायचं आणि आवाज ऐकायचा.

डेल्टिकचा आवाज ऐकण्यासारखाच होता. त्याचं यंत्र मुळात नौदलाच्या वेगवान बोटींसाठी बनलेलं. सिलिंडर त्रिकोणात मांडलेले, त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यात एक क्रँकशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन. एका यंत्रात १८ सिलिंडर, ३६ पिस्टन. अशी दोन यंत्रं एका इंजिनाच्या पोटात, मिळून ३,३०० अश्वशक्ती. इंजिन उभं असताना घुमणारी खर्जातली घरघर सुरू असते. गाडी सुटताना तीच चढत चढत एका सुरात बांधली जाते, आणि फलाटाच्या फरशा पायाखाली थरथरतात. २२ पैकी ६ डेल्टिक जतन झाली.

अमेरिकेत हा मान अल्को या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीला मिळाला. तिथले रेल्वेप्रेमी अल्कोच्या डिझेलांना ‘मानद वाफेची इंजिनं’ म्हणतात, कारण ती धूर ओकतात. ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवला की इंधन लगेच वाढतं, पण यंत्रात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्यात हवा कमी पडते, इंधन अर्धवट जळतं आणि काळ्या धुराचा लोट उठतो. अभियंत्याच्या दृष्टीनं हा दोष. त्या नावात मला मात्र आणखी एक अर्थ दिसतो. युनियन पॅसिफिकसाठी १९४१ ते १९४४ या काळात ‘बिग बॉय’ ही अवाढव्य वाफेची इंजिनं बनवली तीही अल्कोनंच. त्या २५ पैकी ४०१४ क्रमांकाचं इंजिन संग्रहालयातून परत आणून २०१९ मध्ये पुन्हा धावतं केलं गेलं. अल्कोचं स्वतःचं इंजिन बांधणं १९६९ मध्ये थांबलं, तरी तिचं घराणं परदेशांत वाढत राहिलं. भारतात १९६२ मध्ये आलेली आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलेली डब्ल्यूडीएम-२ ही त्याच घराण्यातली. तशी अडीच हजारांहून अधिक इंजिनं बनली. उभ्या इंजिनाची ती धकधक ज्यांच्या कानात बसली आहे, त्यांना नवी डिझेलं मुकी वाटतात.

विजेच्या इंजिनांची कहाणी मात्र जिवाला चटका लावणारी आहे. वाफेला कोळसा-पाणी द्या, डिझेलला तेल द्या, दोन्ही कुठल्याही रुळांवर चालतात. विजेच्या इंजिनाला वर तार लागते आणि त्या तारेत त्याच्याच जातीची वीज लागते. हेरिटेज रेल्वेंवर सहसा तार नसते. त्यामुळे वाचलेलं विजेचं इंजिन बहुतेक वेळा रंगवून उभं केलेलं असतं, गार.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडची जीजी१ ही विजेची इंजिनं घ्या. १९३४ ते १९४३ मध्ये १३९ इंजिनं बनली. डिझायनर रेमंड लोवी यांनी रिव्हेटऐवजी वेल्डिंगचा गुळगुळीत साज सुचवला आणि त्यावर पाच सोनेरी रेषा दिल्या. ऑक्टोबर १९८३ मध्ये शेवटची जीजी१ सेवेतून गेली. सोळा शिल्लक आहेत, चालणारी एकही नाही. ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन होतं, ते काढून टाकावं लागलं. त्यात लोखंडी सांगाडेही तडकलेले.

भारतातल्या डब्ल्यूसीजी-१ या विजेच्या इंजिनांची गत वेगळी नाही. स्वित्झर्लंडच्या ‘मगर’ इंजिनांची ही चुलत भावंडं. भोर आणि थळ घाटांत मालगाड्या ओढणारी. चालताना बाजूच्या दांड्यांचा सपसप आवाज, उभी असताना कण्हल्यासारखा सूर. रेल्वेच्या लोकांनी नाव ठेवलं ‘खेकडा’. ती १,५०० व्होल्ट डीसीवर चालायची. मुंबई परिसरातला शेवटचा डीसी टप्पा २०१६ मध्ये २५ हजार व्होल्ट एसीवर गेला. उद्या एखादा खेकडा कितीही मनापासून दुरुस्त केला, तरी त्याला चालायला तार उरलेली नाही.

मूळची मगर मात्र चालते. आल्प्समधल्या गोट्टहार्डच्या चढासाठी १९१९ पासून बनलेली ही इंजिनं: पुढे-मागे लांब नाकाडं, मधे ड्रायव्हरची केबिन, वळणावर तिन्ही भाग सांध्यात वळणारे, आणि चाकांना जोडणारे दांडे उघड्यावर. स्वित्झर्लंडनं तेव्हा निवडलेली १५ हजार व्होल्टची, कमी वारंवारितेची वीज आजही बदललेली नाही. २०१६ मध्ये पायथ्यातून नवा ५७ किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यावर वेगवान गाड्या आणि मालगाड्या तिकडे गेल्या. डोंगरावरचा जुना मार्ग बराच निवांत झाला. वासेन गावाजवळ हा मार्ग वळसे घेत चढतो, त्यामुळे तिथलं चर्च प्रवाशाला तीनदा तीन उंचींवरून दिसतं. मगरीची खास गाडी असली की रेल्वेप्रेमी तिथे उतारावर थांबतात. पहिल्यांदा ती खाली दिसते, मग समोर, मग डोक्यावर, आणि तिन्ही वेळा आधी दांड्यांचा आवाज येतो.