कोंबडी जाळी की वेल्ड जाळी? खुराड्याला नेमकी कुठली

हार्डवेअरच्या दुकानात ‘खुराड्याला जाळी द्या’ म्हटलं की हातात येते ती षटकोनी भोकांची कोंबडी जाळी. नावातच कोंबडी, म्हणून आपण निर्धास्त होतो. मीही झालो होतो. एका सकाळी खुराड्यात दोन तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) मरून पडलेल्या होत्या. दार बंद, कडी जागच्या जागी. जाळीचं एक भोक मात्र फाकून मुठीएवढं झालं होतं आणि तारेला पिसं चिकटली होती.

कोंबडी जाळीत तारा एकमेकींभोवती नुसत्या पिळलेल्या असतात. रानमांजराने किंवा कुत्र्याने जोर लावला की पीळ सरकतो. शिवाय तार बारीक. गेजचा (तारेच्या जाडीच्या मापाचा) आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते, हे विकत घेताना अनेकांच्या लक्षात येत नाही. 22 गेज म्हणजे जेमतेम 0.7 मिलिमीटर, 18 गेज 1.2 मिलिमीटर.

वेल्ड जाळीची भोकं चौकोनी आणि प्रत्येक सांधा जोडलेला, त्यामुळे भोक फाकत नाही. रात्रीच्या खुराड्याला अर्धा इंची भोकाचीच घ्या. त्यातून पंजा आत जात नाही, मोठी घूसही शिरत नाही. महाग पडते, पण खुराडं असतं केवढंसं! मुंगूस खालून उकरतं, म्हणून जाळी जमिनीत फूटभर पुरावी. आमच्यासारखा जमिनीत कठीण जांभा दगड असेल तर खणत बसू नका. भिंतीपासून बाहेर दीड-दोन फूट जमिनीवर आडवी पसरा आणि वर दगड ठेवा.

मग कोंबडी जाळी टाकाऊ का? मुळीच नाही. दिवसा पिल्लांच्या अंगणावर छत म्हणून ती हलकी, स्वस्त आणि घार-शिक्र्याला पुरेशी आहे.

गिनी कोंबड्यांचं वेगळंच. संध्याकाळी त्या आंब्यावर चढल्या की जाळी कुठलीही असो, घुबडाला मोकळं रान. लहानपणापासून रोज तिन्हीसांजेला खुराड्यातच मूठभर बाजरी टाका, म्हणजे आत येतात. मोजून घ्या. एखादी मादी कमी भरली तर ती बहुधा गवतात अंड्यांवर बसलेली असते, आणि रात्री तिथे तिला वाचवणारं कुणी नाही. आम्ही तिची अंडी उचलून वेल्ड जाळीच्या आत खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवतो. कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात, गिनीची 26 ते 28 दिवसांत, तेव्हा खुडकीला मध्येच उठवू नका.