पाळीव उंदरांसाठी डॉक्सीसायक्लिनचा वापर

डॉक्सीसायक्लिन हे टेट्रासायक्लिन गटातलं जुनं आणि स्वस्त अँटिबायोटिक, १९६७ पासून बाजारात आहे. मुंबईत पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलं की लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस ह्या आजाराच्या) भीतीने डॉक्टर जी कॅप्सूल देतात ती हीच. पाळलेल्या उंदरांना मात्र ते जास्त करून श्वासाच्या आजारावर देतात.

ह्या आजाराचं मूळ मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जंतू. पिल्लांना तो बऱ्याचदा आईकडूनच लागतो, कित्येक महिने गप्प बसतो आणि मग वय झालं, ताण आला किंवा पिंजरा साफ न केल्याने लघवीचा अमोनिया साठला की डोकं वर काढतो. शिंका, छातीत घरघर, पोट आत ओढत घेतलेला श्वास, डोळ्या-नाकाभोवती लाल पाणी. ते लाल पाणी बघून माणूस घाबरतोच, पण ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि आजारी किंवा ताणाखाली असलेल्या उंदराला ते जास्त येतं.

आता डॉक्सीच का, तर मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, आणि अमॉक्सिसिलिनसारखी औषधं नेमकी ती भिंत बनण्यातच अडथळा आणतात, म्हणून ती ह्या जंतूवर चालत नाहीत. डॉक्सी जंतूचं प्रोटीन बनवणंच थांबवतं, शिवाय फुप्फुसातली सूजही थोडी कमी करतं. व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, बऱ्याचदा सोबत एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक देतात, वाढत्या पिल्लांना मात्र जपून, कारण त्याने सांध्यातल्या कूर्चेला इजा होऊ शकते. डॉक्सीचंही तसंच आहे, गाभण मादी आणि लहान पिल्लं असतील तर दात-हाडांचा विचार करावा लागतो.

डोस साधारण एका किलोला ५ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. म्हणजे ४०० ग्रॅमच्या उंदराला एका वेळी २ मिलिग्रॅम, आणि माणसांची कॅप्सूल असते १०० मिलिग्रॅमची, म्हणून अंदाजाने चिमूटभर पावडर देणं खरंच धोक्याचं आहे, डोस व्हेटकडूनच वजनावर काढून घ्यायचा आणि औषध सिरिंजने मोजून द्यायचं. चव कडू, त्यामुळे काहीतरी गोडात मिसळावंच लागतं, पण दूध-दही-चीज नको, कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगात नीट शोषलं जात नाही. पाण्याच्या बाटलीत टाकलं तर किती पोटात गेलं ते कळतच नाही, आणि आजारी उंदीर तसंही पाणी कमी पितो. मुदत संपलेलं औषध अजिबात वापरू नये, ह्या गटातली जुनी औषधं किडनीला बाधली आहेत.

कोर्स बहुतेक वेळा दोन-तीन आठवडे किंवा त्याहून लांब चालतो. दोन दिवसांत शिंका थांबल्या म्हणून औषध बंद केलं की घरघर परत येते. जंतू पूर्ण जात नाही, फक्त आटोक्यात राहतो, त्यामुळे दोन वर्षांच्या आसपासच्या म्हाताऱ्या उंदराला हेच औषध पुन्हा पुन्हा लागू शकतं.