लॅसिक शस्त्रक्रिया आणि 250 मायक्रॉनची मर्यादा

कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदलून चष्म्याचा नंबर घालवण्याची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. 1940 च्या सुमारास जपानमध्ये कॉर्नियाला आतून छेद देण्याचे प्रयोग झाले; त्यात आतील पेशींचा थर दुखावला गेला आणि अनेक रुग्णांचे कॉर्निया पुढे कित्येक वर्षांनी सुजून धूसर झाले. 1970 च्या दशकात सोव्हिएत संघात हेच छेद बाहेरून घेतले जाऊ लागले, पण अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात दहा वर्षांनंतर 43 टक्के डोळ्यांचा नंबर एक डायॉप्टर (नंबर मोजण्याचे एकक) किंवा त्याहून अधिक प्लसकडे सरकलेला आढळला. दरम्यान कोलंबियातील बोगोटा येथे कॉर्नियाचा पातळ थर कापून, गोठवून, त्याला नवा आकार देऊन पुन्हा बसवण्याचे तंत्र विकसित झाले होते, आणि लॅसिकचे मूळ तेथेच आहे.

193 नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर आजूबाजूचा भाग न भाजता ऊतीचा अतिसूक्ष्म थर काढतो, हे 1980 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत दिसून आले. तेथील संशोधकांत एक भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ होते. पृष्ठभागावरच लेसर वापरणाऱ्या पीआरके पद्धतीला अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळाली. त्याआधीच, 1990 च्या सुमारास, ग्रीसमधील क्रीट बेटावर कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलून त्याखाली लेसर वापरण्याची पद्धत, म्हणजेच लॅसिक, आकाराला आली होती. वेदना कमी आणि दृष्टी लवकर स्पष्ट, या कारणांनी दशक संपेपर्यंत तिने पीआरकेला मागे टाकले.

याच काळात काही रुग्णांचा कॉर्निया शस्त्रक्रियेनंतर हळूहळू पुढे फुगू लागल्याचे अहवाल आले. पापुद्रा परत बसला तरी कॉर्नियाच्या मजबुतीत त्याचा वाटा जवळजवळ संपतो, म्हणून भार उरलेल्या थरावर येतो. हा थर किमान 250 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) राहावा, असा दंडक रूढ झाला. सरासरी कॉर्निया मध्यभागी सुमारे 540 मायक्रॉन जाड असतो. 160 मायक्रॉनचा पापुद्रा आणि एका डायॉप्टरसाठी लेसरने काढायची सुमारे 15 मायक्रॉन ऊती असा हिशेब धरला, तर उणे 8 नंबरच्या डोळ्यात 260 मायक्रॉन उरतात, म्हणजे कागदावर शस्त्रक्रिया सुरक्षित ठरते. प्रत्यक्षात त्या काळच्या यांत्रिक पात्याने कापलेला पापुद्रा ठरवलेल्यापेक्षा 20 ते 30 मायक्रॉनने जाड निघू शकत असे. शिवाय हा आकडा पुराव्यापेक्षा जुन्या अनुभवावर बेतलेला होता: 250 हून अधिक थर शिल्लक असलेले काही डोळे फुगले, तर त्याहून कमी असलेले अनेक वर्षानुवर्षे स्थिर राहिले. खरा धोका बहुतेकदा मुळातच कमकुवत, सुप्त केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) असलेल्या कॉर्नियात असतो, ही गोष्ट कॉर्नियाच्या वक्रतेचे नकाशे सुधारल्यावर स्पष्ट झाली. तरीही सोयीची म्हणून ही मर्यादा टिकली, आणि माझ्या मते तिने अनेकांना खोटा दिलासा दिला. 2014 च्या सुमारास एकूण जाडीपैकी किती टक्के ऊतीला धक्का लागतो हे मोजण्याचा, आणि 40 टक्क्यांपासून पुढे सावध राहण्याचा, पर्याय मांडला गेला. पण हे परिमाणही वादातीत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांनी या चर्चेकडे विशेष लक्ष द्यायला हवे. नागपूरजवळच्या ग्रामीण भागातील 30 वर्षांवरील लोकांच्या पाहणीत 2.3 टक्के लोकांत केराटोकोनस नोंदवला गेला. निदान केवळ वक्रतेवरून केल्याने या प्रमाणावर आक्षेप घेता येतो, पण शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत घाई करू नये, एवढे त्यावरून नक्की ठरते.

पुढे पात्याऐवजी फेमटोसेकंद लेसरने (अत्यंत लहान स्पंदांच्या लेसरने) कापलेला पापुद्रा अधिक अचूक जाडीचा होऊ लागला. पापुद्रा न उचलता छोट्या छेदातून आतील ऊतीचा भिंगासारखा तुकडा बाहेर काढणाऱ्या स्माइल पद्धतीला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली, मात्र तीही कमकुवत कॉर्नियासाठी सुरक्षित नाही. 2022 मध्ये तेथील नियामक संस्थेने डोळ्यांचा कोरडेपणा, दुहेरी दिसणे आणि दीर्घकाळ टिकणारी वेदना यांची स्पष्ट सूचना लॅसिकच्या रुग्णांना द्यावी, असा मसुदा काढला. त्याने रुग्ण विनाकारण घाबरतील, असे अनेक शल्यविशारदांचे म्हणणे होते, तर त्रास भोगणाऱ्या रुग्णांना ही सूचना फार उशिरा आल्यासारखी वाटली.