स्वादुपिंड शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव : कॅथेटरद्वारे उपचार

स्वादुपिंडाचा भाग काढल्यानंतर जवळच्या धमनीतून होणारा रक्तस्राव पोट पुन्हा न उघडता, जांघेतल्या धमनीतून कॅथेटर (बारीक लवचिक नळी) नेऊन थांबवण्याची पद्धत. पहिल्या २४ तासांतला रक्तस्राव बहुधा रक्तवाहिनीवरच्या धाग्याची गाठ सुटल्याने होतो आणि तो सहसा ऑपरेशन थिएटरमध्येच थांबवावा लागतो. कॅथेटरचा खरा उपयोग त्यानंतर. स्वादुपिंड आतड्याला जोडलेल्या जागेतून गळणारा स्वादुरस (स्वादुपिंडाचा पाचकरस) धमनीची भिंत कुरतडतो, तिथे नाजूक फुगा (स्यूडोॲन्युरिझम) धरतो आणि फुटतो. व्हिपल शस्त्रक्रियेत (स्वादुपिंडाचे डोके आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग काढतात ती) बांधून तोडलेल्या गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीचा (यकृताच्या धमनीची एक फांदी) खुंट ही त्याची नेहमीची जागा.

फुगा पुष्कळदा आधी इशारा देतो. ड्रेनमध्ये (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) थोडे लाल रक्त येते, किंवा डांबरासारखी काळी शौच होते, आणि आपोआप थांबते. थांबले म्हणून निर्धास्त राहणे हीच घातक चूक. मोठा रक्तस्राव काही तासांत किंवा काही दिवसांत होऊ शकतो. नाशिक, मुंबई किंवा सुरतेला ऑपरेशन करून शहादा, चोपडा किंवा सातपुड्यातल्या धडगावला परतलेल्या रुग्णाला हा इशारा घरीच मिळू शकतो, आणि तिथून कॅथलॅबपर्यंतचा (कॅथेटरचे उपचार होतात ती खोली) रस्ता लांबचा. जवळच्या दवाखान्यात दोन जाड सुया लावून घ्याव्यात, रक्तगट तपासून रक्ताची सोय करावी आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना लगेच फोन करावा. डिस्चार्ज कार्ड सोबत हवेच. कोणती धमनी बांधली ते त्यावरून कळते.

रक्तदाब टिकून असेल तर आधी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) करतात. मग जांघेत बसवलेल्या ५ फ्रेंच मापाच्या शीथमधून (कॅथेटर आत नेण्याची नळी) सीलियाक आणि सुपीरिअर मेसेंटेरिक या पोटातल्या अवयवांना रक्त देणाऱ्या दोन्ही धमन्या तपासतात. कॉइल (धमनी बंद करणारी धातूची बारीक गुंडाळी) आधी फुग्याच्या पलीकडे, मग अलीकडे बसवतात. फक्त अलीकडे बसवली तर रक्त उलट दिशेने येऊन फुगा भरतच राहतो. निव्वळ फुग्यात कॉइल भरणे धोक्याचे, कारण त्याला धमनीची खरी भिंतच नसते.

खुंट आखूड असेल तर कॉइल यकृताच्या धमनीत घसरू शकते. ती धमनी बंद झाली, त्यात पोर्टल व्हेनही (आतड्यांकडून यकृताला रक्त नेणारी शीर) अरुंद असली, तर यकृताचा भाग मरू शकतो किंवा तिथे गळू होऊ शकते. म्हणून शक्य तिथे कव्हर्ड स्टेंटच (आवरण असलेली जाळीदार नळी) बरा: छिद्र झाकले जाते, यकृताचे रक्त चालू राहते. वळणदार धमनीत मात्र तो पुढे सरकत नाही, आणि बसल्यावरही त्यात गुठळी होऊ शकते.

रक्तदाब कोसळलेला असताना धमन्या आकसतात आणि फुगा दिसत नाही. अशा वेळी स्वच्छ आलेल्या अँजिओग्राफीवर विसंबू नये. रक्त थांबले तरी रस गळतच असतो. ड्रेन तुंबला तर तोच रस शेजारची दुसरी धमनी कुरतडू लागतो.