मोठ्या फाइलमधल्या आखूड ओळी: पुसण्याआधी हे वाचा

धरमकाटे, जिनिंग, दूध शीतकरण केंद्रे आणि सेवा सोसायट्या चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

धरमकाट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारे यंत्र) केबलवरून संगणकाला सतत वजन पाठवत असतो, काट्यावर गाडी असो वा नसो. प्रोग्रॅम ते सगळेच उतरवून घेत असेल, तर सेकंदाला १० नोंदी धरल्या तरी दिवसाला ८,६४,००० ओळी होतात. तारीख, वेळ आणि वजन मिळून ओळीला ४० बाइट (एक इंग्रजी अक्षर किंवा आकडा म्हणजे एक बाइट) धरले, तर महिन्याला एक जीबीच्या वर मजकूर साठतो. दसऱ्यापासून मार्चअखेरपर्यंत कापूस येत राहिला की पाच-सहा जीबीची एकच फाइल होऊन बसते.

अशा फाइलमध्ये तुटक्या ओळी असतातच. ओळ लिहिली जात असताना वीज गेली, केबलचा जोड सैल झाला, काट्याचा संगणक मध्येच बंद केला, की अर्धी तारीख किंवा नुसते दोन आकडे मागे राहतात. हिशेबाचा प्रोग्रॅम नेमका तिथे अडतो, आणि मग ग्राहक आम्हाला विचारतात की एवढ्या फाइलमधून या ओळी काढायच्या कशा.

आधी ती फाइल उघडू नका. नोटपॅड पूर्ण फाइल मेमरीत घ्यायला बघतो; मग संगणक गोठतो, नाहीतर फाइल उघडतच नाही. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे वरच्या हिशेबाने सव्वा दिवसाचीही नोंद पुरती बसत नाही. त्यापुढच्या ओळी शीटमध्ये येतच नाहीत. तशीच सेव्ह केली तर तेवढ्या नोंदी गेल्या.

या कामासाठी ग्रेप आणि ऑक हे जुने, फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. ग्रेप १९७३ चा, ऑक १९७७ चा, दोन्ही अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झालेले. लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते असतातच. विंडोज १० आणि ११ वर लिनक्सची सोय चालू करून वापरता येतात. जिनमध्ये कापूस जातो तसे ते चालतात: आवारातली गंजी एकदम आत घालावी लागत नाही, कापूस सरकत राहतो, रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. आणि सरकी कोणी फेकत नाही. हे प्रोग्रॅमही थोडा-थोडा मजकूर वाचतात, ओळ मोजून पुढे पाठवतात आणि विसरतात. म्हणून फाइल सहा जीबीची असो की साठ, मेमरी तेवढीच लागते.

आम्ही बहुतेक वेळा ऑक वापरतो. ग्रेप एका फेरीत एकच बाजू देतो, लांब ओळी किंवा आखूड ओळी. ऑकला सांगता येते की ओळ ठरलेल्या लांबीची किंवा मोठी असेल तर या फाइलमध्ये लिही, नाहीतर त्या. एकाच वाचनात दोन्ही फाइली तयार होतात. वेळ खरा जातो तो डिस्क वाचण्यात. साध्या हार्डडिस्कवरून सेकंदाला १०० एमबी वाचले गेले तर सहा जीबीला मिनिटभर लागते, जुन्या पेनड्राइव्हवरून त्याच्या कितीतरी पट. तीच फाइल दोन-तीनदा चाळायची असेल तर आधी डिस्कवर उतरवून घ्या.

मर्यादा किती ठेवायची?

इथे घाई करू नका, कारण नुकसान इथेच होते. समजा तुमच्या काट्यावर ट्रक जास्त येतात. भरल्या ट्रकचे वजन पाच आकडी असते, रिकाम्या बंडीचे तीन आकडी. तुमचा प्रोग्रॅम वजनाच्या पुढे मोकळ्या जागा भरत नसेल, तर बंडीची ओळ ट्रकच्या ओळीपेक्षा दोन अक्षरांनी आखूड येते. तुटलेली नसते, बरोबर असते. ट्रकच्या ओळीवरून मर्यादा ठरवली तर रिकाम्या बंडीची सगळी वजने जातात, आणि रिकामे वजन गेले की कापसाचे निव्वळ वजन निघत नाही. त्याचा फटका बसतो तो बंडीवर माल आणणाऱ्या छोट्या कास्तकाराला. म्हणून आम्ही आधी लांबीचा तक्ता काढतो: किती अक्षरांच्या किती ओळी आहेत. ३६, ३७ आणि ३८ अक्षरांवर लाखो ओळी दिसतात, ११ किंवा १९ वर दोन-चार. मधली रिकामी जागा पाहून मर्यादा ठरते. पहिल्या फेरीचा वेळ वाया जात नाही.

मोजणीतही फसगत होते. विंडोजमध्ये लिहिलेल्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह जास्त असते, त्यामुळे लिनक्सवर रिकामी ओळही एक अक्षराची भरते. मराठी मजकुरात तर आणखी गोंधळ. सभासद यादीतला ‘यवतमाळ’ डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत) काना वेगळा मोजून सहा होतात, आणि फाइलमध्ये यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीने साठवला की प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १८. ऑकच्या काही आवृत्त्या अक्षरे मोजतात, काही बाइट. काट्याच्या इंग्रजी आकड्यांच्या नोंदींसाठी बाइट मोजणे चालते आणि ते जलदही होते. मराठी यादीसाठी आपण काय मोजतो आहोत हे आधी तपासलेच पाहिजे.

वीज गेल्यावर फाइलमध्ये कधी कधी शून्य किमतीच्या, न दिसणाऱ्या बाइटांचा पट्टा शिरतो. मग ग्रेप ही फाइल बायनरी (म्हणजे मजकूर नसलेली) आहे असे सांगून ओळी दाखवणे थांबवतो. ती मजकूर म्हणूनच वाच, असे त्याला पर्याय देऊन सांगावे लागते.

घरी करून बघणाऱ्यांनी एवढे नक्की सांभाळावे: निकाल मूळ फाइलच्याच नावाने लिहू नका. तसे केले तर वाचन सुरू होण्याआधीच मूळ फाइल रिकामी होते.

आमच्याकडून तुम्हाला तीन फाइली मिळतात: चांगल्या ओळी, आखूड ओळी आणि लांबीचा तक्ता. मूळ फाइलला आम्ही हात लावत नाही. चांगल्या आणि आखूड ओळींची बेरीज मूळ ओळींइतकी भरली, तरच काम सोपवतो. आखूड ओळींची फाइल लहान असते, ती तुमच्या काटेवाल्यासोबत बसून वाचा. काही नोंदी पावतीपुस्तकावरून पुऱ्या करता येतात.

फाइल चार जीबीची किंवा त्याहून मोठी असेल तर फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती चढणार नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क आणा. सोबत बंडी, ट्रॅक्टर आणि ट्रक यांची प्रत्येकी एक भरली आणि एक रिकामी काटापट्टी आणा, म्हणजे मर्यादा तुमच्यासमोरच ठरवता येईल.