पार्श्वभूमी : ठाणे-मुलुंडमधलं नवं स्टेशन आणि दोन भुयारी थांबे

ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोवर २२ स्थानकं धरली आहेत. त्यातली भुयारी दोनच, एक सध्याच्या ठाणे स्टेशनाला लागून आणि दुसरं ‘नवीन ठाणे’. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये २९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, तेव्हा चर्चा झाली ती सुमारे १२,२०० कोटींच्या खर्चाची. ‘नवीन ठाणे’ हे नाव ठाणे आणि मुलुंडच्या मधल्या ज्या नियोजित रेल्वे स्टेशनावरून आलं, त्यावर मात्र तोवर एकही लोकल थांबलेली नव्हती.

१८५३ ची पहिली गाडी ठाणेकरांना सांगायला नको. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले, म्हणजे स्टेशनाची जागा तेव्हाच पक्की झाली. गाव त्याला चिकटून वाढलं. १९६२ नंतर वागळे इस्टेटमध्ये कारखाने आले, मग घोडबंदर रस्त्यावर एकामागून एक संकुलं उभी राहिली आणि २००४ मध्ये ठाण्याहून नवी मुंबईला जाणारा ट्रान्स हार्बर लोकल मार्ग सुरू झाला. एवढ्या सगळ्यांना स्टेशन मात्र तेच. ते किती तोकडं पडलं होतं हे २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी दिसलं. फलाट क्रमांक ५ जेमतेम दोन-तीन मीटर रुंद करायचा होता. त्यासाठी ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला, रूळ बाजूला सरकवले गेले आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात तयार सिमेंटचे ठोकळे बसवून फलाटाची कड पुढे आणली. दोन मीटरसाठी ही यातायात!

म्हणून दुसरं स्टेशन. पण कुठे? मुलुंड आणि ठाण्यात अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. मध्ये आणखी एक थांबा कशाला, धीम्या लोकलची मिनिटं वाढतील, हा आक्षेप पहिल्यापासून आहे. तो फारसा टिकत नाही, कारण करी रोड आणि चिंचपोकळी ही स्टेशनं एकमेकांपासून किलोमीटरभरावर आहेत आणि दोन्ही चालतात. खरी अडचण जागेची होती. रुळांना लागून फलाट, पादचारी पूल आणि बाहेर रिक्षा-बस वळतील एवढी मोकळी जमीन या पट्ट्यात एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे मनोरुग्णालयाचं आवार. हे रुग्णालय १९०१ चं, एका दानशूर कुटुंबाच्या देणगीतून उभं राहिलेलं. जमीन राज्याच्या आरोग्य खात्याकडे, स्टेशन मागणारी महापालिका आणि रूळ रेल्वेचे. तिघांनी एका टेबलावर येणं हेच वर्षानुवर्षं घडत नव्हतं.

२०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत ठाण्याची निवड झाली आणि हे स्टेशन त्यातलं सर्वांत मोठं आश्वासन ठरलं. तिथून खर्चाचा वाद सुरू झाला. रेल्वेच्या हद्दीतलं काम शहराच्या पैशातून का व्हावं, हा महापालिकेचा सवाल. स्टेशन मागितलं शहराने, मग रेल्वेने का खर्च करावा, हा पलीकडचा. इतर ठिकाणच्या पायंड्यामुळे रेल्वेची ही बाजू बळकट होती. नवी मुंबईत उपनगरी मार्गांचा ६७ टक्के खर्च शहर वसवणाऱ्या संस्थेने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. ठाण्याला मात्र असं शहर वसवणारं कोणी नव्हतं. अखेर वाटणी ठरली ती अशी : रूळ आणि इमारत रेल्वेकडे, बाहेरचा डेक, म्हणजे रिक्षा-बससाठीचा उंचावरचा चौथरा, आणि त्यावर चढणारे उन्नत रस्ते महापालिकेकडे.

तोवर जमिनीचा प्रश्न उच्च न्यायालयात अडकला होता. मनोरुग्णालयाची जागा दुसऱ्या कामाला वापरू नये, अशी स्थगिती होती आणि ती उठायला २०२३ उजाडलं. ही स्थगिती म्हणजे विकासातला खोडा, असंच त्या काळात लिहिलं-बोललं गेलं. ते मला पटलेलं नाही. स्टेशन हवंच आहे, पण ती जमीन रिकामी पडलेली नव्हती. ज्यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही अशा रुग्णांसाठी ती दिलेली होती, आणि कोणीतरी न्यायालयात हे म्हणणं गरजेचं होतं.

पूर्वेला याच काळात वेगळा प्रकार झाला. ठाणे आणि ऐरोलीच्या मधलं दिघा स्टेशन ठरलं ते ऐरोली-कळवा उन्नत रेल्वे मार्गासाठी, म्हणजे कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्यांनी ठाण्यात उतरूच नये म्हणून. २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. स्टेशन बांधून झालं आणि उद्घाटनाची वाट पाहत महिनोन्‌महिने कुलूपबंद राहिलं. १२ जानेवारी २०२४ ला ते ‘दिघा गाव’ नावाने उघडलं. कळव्याकडची फांदी झोपड्यांच्या पुनर्वसनात रखडली, त्यामुळे ठाण्यातली गर्दी ज्या कारणाने कमी व्हायची होती ते कारणच मागे राहिलं.

मेट्रोतही जागेचाच हिशेब आहे. वडाळा-कासारवडवली मार्ग तीन हात नाका, कॅडबरी जंक्शन, माजिवडा असा जातो. भिवंडी-कल्याण मार्ग कापूरबावडीहून फुटतो. दोन्ही रुंद रस्त्यांवरून जातात, कारण खांब तिथे बसतात, आणि दोन्ही ठाणे स्टेशनाला शिवत नाहीत. लाखो माणसं रोज जिथे उतरतात ती जागा दोन मेट्रो मार्गांनी टाळावी, ही आखणीतली सर्वांत महागडी चूक आहे. ती निस्तरण्याचं काम वर्तुळाकार मार्गावर आलं. नौपाड्याच्या गल्ल्यांत खांब उभा करायला जागा नाही, म्हणून तीन किलोमीटर भुयार. त्यात जुनं ठाणे आणि नवीन ठाणे ही दोन स्थानकं जोडली जातील, पुढे रायलादेवी आणि वागळे सर्कलकडे मार्ग पुन्हा वर येईल.

हा मार्ग पूर्ण करण्याची मुदत २०२९ ची आहे. वडाळा-कासारवडवली मार्ग त्याआधी सुरू झाला, तरी मेट्रोतून उतरून लोकल पकडणाऱ्याला तीन हात नाक्यावरून स्टेशनापर्यंत शेअर रिक्षाच शोधावी लागेल.