जीएमआरटीवर निरीक्षणवेळ हवी आहे? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

आधी एक गैरसमज काढून टाकू. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यावर निरीक्षणासाठी वेळ मागायला प्राचार्यांचं सहीशिक्क्याचं पत्र लागत नाही. माझ्या माहितीतल्या एका एमएस्सीच्या मुलीनं 'ना हरकत' पत्रासाठी तीन आठवडे कॉलेजच्या ऑफिसात खेपा घातल्या. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या." पत्र हातात पडलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. आणि ते पत्र कुणी मागितलंच नव्हतं.

अर्ज कुणीही करू शकतं, देशातलं किंवा परदेशातलं. शुल्क नाही. दुर्बीण चालवणारं पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, प्रस्ताव ऑनलाइन घेतं. बाहेरचे तज्ज्ञ ते वाचतात आणि वेळवाटप समिती निर्णय देते. विद्यार्थ्यांनी मात्र रेडिओ डेटा हाताळलेला मार्गदर्शक सोबत घ्यावाच. नियमासाठी नव्हे, पुढे येणारा डेटा एकट्याला झेपत नाही म्हणून. (नुसती दुर्बीण बघायची असेल तर हा अर्ज तुमचा नाही. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जा.)

आता मुदत. इथे सर्वाधिक लोक फसतात. वर्षाच्या दोन सायकली, म्हणजे निरीक्षणाच्या सहा-सहा महिन्यांच्या फेऱ्या असतात, ऑक्टोबर ते मार्च आणि एप्रिल ते सप्टेंबर. पहिलीसाठी अर्ज साधारण जुलैच्या मध्यात बंद होतात, दुसरीसाठी जानेवारीच्या मध्यात. नेमकी तारीख दर वेळच्या सूचनेतच पाहा. जानेवारीत अर्ज भरणाऱ्याला वाटतं, याच थंडीत वेळ मिळेल. मिळतो तो एप्रिलनंतरचा.

रेडिओ दुर्बीण दिवसाही चालते, मग काय बिघडलं? बिघडतं. कमी फ्रिक्वेन्सीला सूर्य आणि आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) त्रास देतात, म्हणून अनेकजण 'रात्रीच हवं' असं लिहून मोकळे होतात. पण आकाश रोज चार मिनिटं, म्हणजे महिन्याला दोन तास, पुढे सरकतं. क्रॅब तेजोमेघ, म्हणजे फुटलेल्या एका ताऱ्याचा अवशेष, घ्या. डिसेंबरच्या मध्यात तो मध्यरात्री डोक्यावर असतो. जूनमध्ये मृग लागतो, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, हे घरातल्या शेतकऱ्याला विचारलं तरी कळेल. त्याच पंधरवड्यात सूर्य क्रॅबच्या अगदी जवळून जातो. जानेवारीच्या मुदतीत अर्ज करून क्रॅब जूनच्या रात्री मागितला, तर समितीनं करायचं तरी काय? स्रोत, म्हणजे तुम्हाला पाहायची ती वस्तू, कोणत्या नाक्षत्र वेळेला (ताऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे) हवा आणि त्या सायकलीत ती वेळ घड्याळात कुठे येते, हे अर्जाआधी कागदावर मांडा.

दिशेचंही तेच. दुर्बिणीच्या डिश क्षितिजापासून साधारण १७ अंशांच्या खाली झुकत नाहीत, त्यामुळे दक्षिणेला -५३ अंश क्रांतीच्या (क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांश) आसपास मर्यादा येते. मॅजेलनचे मेघ, म्हणजे दूर दक्षिणेच्या आकाशातल्या दोन छोट्या दीर्घिका, विसरा. आकाशगंगेचं केंद्र दिसतं, पण दिवसाकाठी जेमतेम साडेसात तास. तिथे सलग दहा तास मागणारा अर्ज मी पाहिला आहे. विज्ञान उत्तम होतं हो!

फ्रिक्वेन्सीचा पट्टा निवडताना घाई नको. साधारण १२५ ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ असे चार पट्टे आहेत. ८५० ते १०५० मधली फट लक्षात ठेवा. हायड्रोजनची रेषा, म्हणजे त्या वायूचा ठरलेला रेडिओ संकेत, १४२०.४ मेगाहर्ट्झची. ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणानं लहरी किती ताणल्या गेल्या त्याचा आकडा) ०.५ असेल तर ती ९४७ च्या जवळ येते. तिथे ग्राहकयंत्र नाही, वर मोबाइल टॉवरचा गोंगाट. ताम्रसृती ०.२०७ असेल तर रेषा थेट ११७७ वर, म्हणजे जीपीएस आणि भारताच्या 'नाविक' या दिशादर्शक उपग्रहांच्या तोंडात. अशा स्रोताच्या या अडचणीबद्दल प्रस्तावात एक शब्दही नसेल, तर वाचणारा तज्ज्ञ तिथेच थांबतो.

आता तासांचा हिशेब. संवेदनक्षमतेचा आकडा, म्हणजे किती तासांत किती मंद संकेत टिपता येईल तो, गणकयंत्रातून काढता येतो, तो सगळे जोडतात. कॅलिब्रेशनचा, म्हणजे माहीत असलेल्या स्रोताकडे बघून मापन जुळवून घेण्याचा वेळ मात्र विसरतात. समजा, स्रोतावर सहा तास हवेत. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं फेज कॅलिब्रेटर (लहरींची कला जुळवण्यासाठीचा जवळचा स्रोत) धरला तर एक तास गेला. सुरुवातीला आणि शेवटी ३सी४८ किंवा ३सी२८६ सारखा फ्लक्स कॅलिब्रेटर (तेजस्वितेचं माप ठरवणारा स्रोत) पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे आणखी अर्धा. साडेसात झाले, आणि डिश फिरवायचा वेळ अजून धरलेलाच नाही. सहाच मागाल तर विज्ञान अर्धवट राहील. उलट सुरक्षित म्हणून बारा मागितलेत आणि कारण दिलं नाहीत, तर कात्री लागेल.

नाव, संस्था, सारांश, स्रोतांची यादी हा भाग सरळ आहे. निर्देशांक, म्हणजे स्रोताचं आकाशातलं स्थान, जे२००० चे (इसवी सन २००० ला धरून मोजलेले) द्या. सहसंशोधकांना विचारूनच त्यांची नावं घाला.

अर्जाआधी जीएमआरटीचा ऑनलाइन डेटासंग्रह जरूर चाळा. निरीक्षण झाल्यावर डेटा १८ महिने ते करणाऱ्याकडेच राहतो, नंतर सगळ्यांना खुला होतो. तुमचा स्रोत त्याच पट्ट्यात कुणी आधीच पाहिला असेल, तर 'मग पुन्हा कशाला?' हा प्रश्न ठरलेला. उत्तर प्रस्तावातच हवं. अनेकदा लक्षात येतं की अर्जाची गरजच नाही, डेटा तयार पडला आहे. पूर्वी तुम्हाला वेळ मिळाला असेल तर त्या डेटाचं काय केलंत, तेही स्पष्ट लिहा. पडून असेल तर पडून आहे म्हणा आणि का ते सांगा.

अचानक स्फोटलेल्या ताऱ्यासारख्या कामासाठी संचालकांच्या अखत्यारीतला वेळ वेगळा मागता येतो. मुदत चुकली म्हणून तिकडे वळू नका. घाई ताऱ्याची की तुमची, हे वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळतं.

नकार आला तर शेरे वाचा, दोन दिवस राग येऊ द्या, मग फाइल उघडा. नाकारलेला प्रस्ताव पुढच्या सायकलीत आपोआप जात नाही, तो नव्यानं भरावा लागतो.